राउटर नव्हे, रूटर नव्हे: लाकडातल्या खाचेची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय राउटर. थांबा, मोबाईलचं वायफाय चालू आहे का ते बघू नका, तो राउटर नाही. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे माझ्याही डोक्यात पहिल्यांदा तोच डबा येतो, दोन अँटेना आणि लुकलुकणारे दिवे असलेला. पण सुताराकडेही राउटर असतो, आणि गंमत म्हणजे दोन्ही शब्दांचं इंग्रजी स्पेलिंग सारखं असलं तरी मूळ वेगळं आहे. नेटवर्कवाला राउटर आला रूट म्हणजे वाट या शब्दावरून. सुताराचा राउटर आला ज्या क्रियापदावरून, त्याचा अर्थ आहे उकरणं. डुक्कर मुसकटाने जमीन उकरतं ना, तेच. इंग्लंडमधल्या सुतारांकडे खाचेचा तळ साफ करायला एक छोटा हातरंधा असायचा, लाकडाच्या ठोकळ्यातून खाली एकच वाकडं पातं बाहेर आलेलं. त्याला ते 'म्हातारीचा दात' म्हणायचे. आपल्याकडे कुणी हे नाव दिलं असतं तर लगेच पटलं असतं.

तर आज लाकडात खाच कशी पाडायची, पूर्वी कशी पाडायचे, आणि आता जे बिट लावतात ते कसं निवडायचं, याबद्दल. मी जळोचीचा. जळोची आता बारामती शहरातच मोडते. भाजीचा बाजार, एमआयडीसीकडे जाणाऱ्या गाड्या, नव्या सोसायट्या, आणि प्रत्येक सोसायटीत कुठे ना कुठे फर्निचरचं काम चालू. सकाळी दहानंतर तो 'घूंऽऽ' आवाज येतो. आमच्या घरी काम निघालं तेव्हा मला ऑफिसच्या कॉलमध्ये तो आवाज सहन करत बसावं लागलं, आणि शेवटी लॅपटॉप बंद करून मी मिस्त्रींशेजारी जाऊन बसलो. तिथून हा भाग सुरू झाला म्हणा.

आधी साधा प्रश्न. खाच लागतेच कशाला?

तुम्ही आयुष्यात पाहिलेली पहिली खाच कुठली असेल? माझ्या मते पाटीची. दगडी पाटीला लाकडाची चौकट असायची. त्या चारही पट्ट्यांच्या आतल्या कडेला एक बारीक चर, आणि पाटी त्यात बसलेली. ना खिळा, ना गोंद. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं, दगड मात्र तसाच राहतो. खिळ्याने घट्ट धरलं तर काहीतरी फुटणार. खाचेत ठेवलं तर हलायला किंचित जागा राहते. लाकडाच्या दरवाज्यातलं दिलं असं चौकटीत मोकळं का ठेवतात, याचं उत्तरही तेच आहे.

दुसरी आठवण जुन्या बाजारपेठेची. शटर येण्याआधी दुकानं फळ्यांनी बंद व्हायची. खाली उंबऱ्याला एक खाच, वर तुळईला एक खाच, आणि त्यात एकेक फळी सरकवत न्यायची. फळ्यांवर आकडे लिहिलेले असायचे, कारण तिसरी फळी पाचवीच्या जागी बसायची नाही. प्रत्येक फळी हाताने तासलेली, म्हणजे प्रत्येकीचं माप किंचित वेगळं. हे आकडे मला फार आवडतात. एकसारखं माप मिळणं ही किती अलीकडची चैन आहे, ते त्यातून कळतं.

आणि वाडे. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे, अठराव्या शतकातला. कवी मोरोपंत याच नाईकांच्या आश्रयाला होते. पुण्याचा शनिवारवाडा १७३० ला सुरू झाला आणि १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली. त्यासाठी सागवान जुन्नरच्या जंगलांतून आलं. आज तिथे गेलात तर दगडी जोतं आणि तटबंदी दिसते, कारण २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि आतलं सगळं लाकूडकाम गेलं. किती सुतारांच्या किती खाचा त्यात जळाल्या, कोण मोजणार? लाकूडकाम पाहायचं असेल तर विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागासमोर उभे राहा. तो १८०७ चा.

आता खेड्यातला सुतार. बारा बलुतेदारांच्या बहुतेक याद्या सुतारापासूनच सुरू होतात. त्याला पैसे मिळत नसत, सुगीला धान्य मिळे. काम काय? नांगर, कुळव, पाभर, तिफण, गाडीची चाकं. आपल्या भागात त्यासाठी बाभळीचं लाकूड. बाभूळ कठीण, चिवट, आणि कोरायला त्रासदायक. कुळवाच्या दिंडाला भोकं पाडायची, त्यात जानवळ्या ठोकायच्या. चाकाच्या तुंब्यात आऱ्यांसाठी घरं कोरायची. ही सगळी कामं वाकस आणि पटाशीवर. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला, पाणी आलं, मग ऊस आला, गुऱ्हाळं आली, आणि माल वाहायला गाड्या. गाड्या आल्या म्हणजे सुताराचं काम वाढलंच असणार. पुढे १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर पसरायला लागला, तसा त्याच सुताराचा लाकडी नांगर मागे पडत गेला. यात एक मजेशीर गाठ आहे. लोखंड ओतून नांगराचा भाग बनवायचा तर आधी वाळूत साचा लागतो, आणि साच्यासाठी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो. तो नमुना सुतारच बनवणार! कोल्हापूर-सांगलीकडच्या फाउंड्र्यांत त्याला पॅटर्नमेकर म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, थोड्या वेळाने परत लागणार आहे.

हाताने खाच पाडायची पद्धत अशी. धाग्याला आडवी खाच असेल तर आधी दोन रेघा आखायच्या, त्या रेघांवर करवतीने चिरा द्यायच्या आणि मधलं लाकूड पटाशीने उडवायचं. धाग्याच्या दिशेने लांब खाच हवी असेल तर खाच रंधा. हा अरुंद रंधा असतो, खाचेच्या रुंदीएवढंच पातं. बाजूला एक आडवी पट्टी असते, ती लाकडाच्या कडेला टेकवून रंधा पुढे ढकलायचा, म्हणजे खाच कडेपासून सारख्या अंतरावर पडते. गोलाई काढायची असेल तर गोल रंधा, नक्षीची कड हवी असेल तर गलता. प्रत्येक आकाराला वेगळं हत्यार. म्हणून जुन्या सुताराची पेटी उघडली की दहा-बारा रंधे ओळीने दिसतात.

आमच्या भागातल्या एका वयस्कर सुतारनानांकडे मी असा एक खाच रंधा पाहिला. हात लावून बघ म्हणाले. मी ढकलला, पातं लाकडात रुतून बसलं. ते म्हणाले, "आधी पुढच्या टोकाला थोडंसं काढ, मग मागे मागे येत जा." मला वाटलं होतं मागून पुढे एका दमात न्यायचा. पण पुढच्या टोकाला आधी छोटी वाट तयार झाली की रंधा पुढच्या वेळी आपोआप त्या वाटेत शिरतो. पुस्तकात हे मी नंतर वाचलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आम्ही सगळ्यांनी हाफ लॅप जॉइंट केला होता, जर्नलमध्ये चित्रंही काढली होती, पण ही गोष्ट तिथे कुणी सांगितली नव्हती.

बरं, यंत्र कसं आलं? पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ च्या सुमारास, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात आर. एल. कार्टर नावाचा एक गृहस्थ होता. धंदा? पॅटर्नमेकर. हो, तोच. गोष्ट अशी सांगतात की, केस कापायच्या बिघडलेल्या विजेच्या यंत्रातला एक दातेरी भाग त्याने घासून धारदार केला, छोट्या मोटरच्या दांड्यावर लावला आणि लाकडावर चालवला. ते काम करायला लागलं. त्याने ही यंत्रं बनवून विकली, आणि १९२९ मध्ये तो धंदा स्टॅनली कंपनीने विकत घेतला. योगायोग बघा, त्याच १९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गाव-गाडा' छापून आलं, ज्यात बलुत्याची अख्खी व्यवस्था बारकाईने आणि बऱ्यापैकी कडवटपणे मांडली आहे. इकडे बलुतेदार सुतार धान्याच्या हिशोबात अडकलेला, तिकडे एक नमुनेकार मोटरला पातं लावत होता. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत मोटर वर-खाली होणारा राउटर आला, म्हणजे फळीच्या मधोमधही सरळ खाली उतरता येऊ लागलं.

रंधा आणि राउटर यांच्यातला फरक नेमका कशात आहे? रंध्यात पातं स्थिर असतं आणि हात वेग देतो. राउटरमध्ये वेग मोटर देते, हाताने फक्त पुढे न्यायचं. पण एक गोष्ट बदलली नाही: आकार पात्यातच असतो. खाच रंध्याचं पातं सहा मिलिमीटरचं असेल तर खाच सहाचीच पडणार. बिटचंही तसंच. सुताराच्या पेटीतले दहा-बारा रंधे आता तळहाताएवढ्या डबीत मावतात.

आता मुद्द्यावर. बिट निवडायचं कसं?

पहिली गोष्ट धातू. बाजारात दोन प्रकार मिळतात: एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टील, आणि कार्बाइड. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये कार्बाइडला सर्रास 'विडिया' म्हणतात. चाकणपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही लेथवर जा, 'विडिया लावलाय का?' हे ऐकू येईल. हा शब्द जर्मन आहे. विजेच्या दिव्यासाठी टंगस्टनची बारीक तार ओढावी लागते, आणि ती ज्या भोकातून ओढतात ते हिऱ्याचं असायचं. हिरा महाग. म्हणून ऑस्राम कंपनीतल्या कार्ल श्रोटरने १९२३ मध्ये टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये बांधून एक पर्याय शोधला. तो क्रुप कंपनीने 'विडिया' नावाने विकायला काढला. 'हिऱ्यासारखं' या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांचा तो जोड आहे. पुढे बंगळूरला त्याच नावाचा कारखाना आला. म्हणजे आपला मिस्त्री जेव्हा विडियाचं बिट मागतो, तेव्हा तो नकळत जर्मन बोलत असतो!

प्लायवूडसाठी विडियाच घ्या. कारण प्लायमध्ये निम्मी लढाई लाकडाशी नसते, गोंदाशी असते. आयएस ३०३ किंवा आयएस ७१० लिहिलेली जी प्लाय आपण आणतो, तिच्या थरांमध्ये कडक झालेली रेझिन असते. ती स्टीलची धार लगेच खाते. सागवानातही निसर्गतः सिलिका असते, म्हणजे वाळूचाच भाऊ. मऊ लाकडावर हातकाम करणाऱ्याला स्टीलचं बिट अजून चालतं, कारण त्याला जास्त तीक्ष्ण धार लावता येते. पण असं काम आता किती जण करतात?

दुसरी गोष्ट दांडा, म्हणजे शँक. याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि अपघात इथेच होतात. बाजारात सहा मिलिमीटरचा दांडा मिळतो आणि पाव इंचाचाही मिळतो. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. नुसत्या डोळ्याला दोन्ही सारखेच. पाव इंचाच्या कोलेटमध्ये सहाचा दांडा घातला तर घट्ट वाटतं, पण पकड पूर्ण बसत नाही. मग मिनिटाला तीस हजार फेऱ्यांवर बिट हळूहळू बाहेर सरकतं. बारा मिलिमीटर आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७, यांचंही तेच. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायचं तर हा युनिट मिसमॅचचा बग आहे, फक्त इथे क्रॅश झाल्यावर रीस्टार्ट करता येत नाही. दुकानात बिटबरोबर कोलेटही घेऊन जा आणि घालून बघा. बसवताना दांडा पूर्ण तळाला टेकवायचा नाही, दोन-तीन मिलिमीटर वर उचलायचा आणि मगच आवळायचं.

तिसरी गोष्ट आकार. साध्या खाचेला सरळ बिट. पण खाच फळीच्या कडेपासून सुरू न होता मध्येच सुरू होणार असेल तर बिटच्या तळालाही धार आहे ना, हे उलटं करून बघा. सगळ्या सरळ बिटांना ती नसते. ती नसेल आणि तुम्ही वरून दाबलंत, तर बिट कापत नाही, जाळतं. मग स्पायरल बिट येतात. वर ओढणारं बिट भुसा बाहेर फेकतं, खाचेचा तळ स्वच्छ, पण लॅमिनेटची वरची कड उडू शकते. खाली दाबणारं बिट वरची कड चाकूने कापल्यासारखी ठेवतं, पण भुसा खाचेतच कोंबतं आणि तापतं. दिसणारी बाजू असेल तर मी दुसरं घेईन आणि हळूहळू खोल जाईन. आमच्या मिस्त्रींचा उपाय स्वस्त आहे. ते साधंच बिट वापरतात, पण आधी पट्टी धरून चाकूने दोन रेघा ओढतात. करवतीच्या चिरा देणाऱ्या जुन्या सुताराचीच ही युक्ती. कडेला समांतर बारीक खाच हवी असेल तर बेअरिंग लावलेलं चकतीसारखं स्लॉट कटर असतं. गोल तळासाठी वेगळं बिट, वर अरुंद आणि खाली रुंद खाचेसाठी डव्हटेल.

माप. हा माझा आवडता भाग. कपाटाच्या पाठीला सहा मिलिमीटरची प्लाय लावायची, तर सहाचं बिट घ्यायचं, बरोबर? चूक. सहाची प्लाय बहुतेक वेळा सहाची नसते. कॅलिपर लावून बघा, थोडी कमीच भरते. मग खाचेत पाठ खडखडते. अठराची प्लायही नेमकी अठरा भरेल याचा भरवसा नाही. म्हणून बिट लहान घ्या, पाच किंवा चारचं, आणि दोन फेऱ्यांत खाच हवी तेवढी रुंद करा. आधी उरलेल्या तुकड्यावर. त्या बाजारपेठेतल्या फळ्यांवरचे आकडे आठवतायत? फळीप्रमाणे खाच, खाचेप्रमाणे फळी नाही.

आता वेग, इथे थोडं गणित. सहा मिलिमीटरचं बिट ३०,००० फेऱ्यांवर फिरतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग साधारण सेकंदाला साडेनऊ मीटर असतो. त्याच फेऱ्यांवर पन्नास मिलिमीटरचं बिट लावलंत तर कडेचा वेग होतो सुमारे ७८ मीटर, म्हणजे ताशी २८० किलोमीटर. ते हातात धरायचं आहे! म्हणून मोठ्या बिटला फेऱ्या कमी, १२,००० च्या आसपास. ज्या छोट्या ट्रिमरला वेग बदलायची सोय नसते, त्याला मोठं बिट लावायचंच नाही.

आणि लाकूड काळं का पडतं? बहुतेकांना वाटतं आपण घाई केली. उलट असतं. समजा दोन धारांचं बिट, २४,००० फेऱ्या, आणि तुम्ही मिनिटाला तीन मीटर पुढे नेताय. प्रत्येक धार ०.०६ मिलिमीटरचा कीस काढते. तेच तुम्ही घाबरून मिनिटाला अर्धा मीटर नेलंत तर कीस होतो ०.०१. एवढ्या पातळ थरात धार शिरत नाही, नुसती घासते. घासणं म्हणजे उष्णता. धार बोथट होते, मग आणखी घासते. त्यामुळे एका जागी रेंगाळायचं नाही, पण खोली मात्र थोडी थोडी: सहाच्या बिटने एका वेळी तीन मिलिमीटर. नऊ मिलिमीटर खोल जायचं तर तीन फेऱ्या.

दिशा. बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. तुम्ही राउटर आपल्यापासून पुढे ढकलत असाल तर तो डावीकडे ओढ घेतो. म्हणून टेकवायची पट्टी डाव्या बाजूला बांधा, म्हणजे ओढ त्याला पट्टीवरच दाबेल. पट्टी उजवीकडे बांधली की राउटर तिच्यापासून पळतो आणि खाच नागमोडी होते. खाच रंध्याला ही अडचण नव्हती, त्याला ओढच नसायची.

एक गोष्ट मात्र रंध्याच्या काळात नव्हती, आणि तिच्यावर मला थोडं थांबायचंय. रंधा लाकडाची साल काढतो, कुरळ्या, मोठ्या. झाडूने गोळा होतात, चुलीत जातात. राउटर धूळ करतो, इतकी बारीक की तास उलटला तरी हवेत तरंगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, मुख्यतः नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगासाठी. एमडीएफ आणि बऱ्याच प्लायच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं, तेही त्याच गटात आहे. आणि आपल्याकडे काम कसं चालतं? फ्लॅटच्या बंद बेडरूममध्ये, खिडक्या लावून, कारण शेजारी तक्रार करतात. मिस्त्रींच्या तोंडाला रुमाल. रुमालाने ही धूळ अडत नाही. मी एन-९५ मास्क आणून दिले तर दोन दिवस घातले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भैया, गरम होता है." ते राजस्थानचे, घरात चार पिढ्या सुतारकाम. मी आग्रह सोडला नाही, पण एक्झॉस्ट पंखा खिडकीत बांधल्यावर जास्त फरक पडला. लाखोंचं फर्निचर करून घेणारे आपण धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमचं भाडं हिशोबात धरत नाही. ते मालकाने धरायचं असतं, मिस्त्रीने नाही. यावर वाद घालायचा असेल तर कमेंटमध्ये या.

सुतारनानांना मी विचारलं, राउटरमुळे कला गेली असं वाटतं का? मला वाटलं हो म्हणतील. ते म्हणाले, कला राहू दे, गुडघे वाचले असते. त्यांच्या मुलाने हा धंदा घेतला नाही, तो एमआयडीसीत आहे. बलुत्याच्या काळात असा पर्याय नव्हताच. सुताराचा मुलगा सुतार, आणि दुसऱ्याच्या मुलाला पेटीला हातही लावू द्यायचे नाहीत. आज आयटीआयमध्ये कुणीही प्रवेश घेतो. आणि आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. तिथे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. फॅब लॅबच्या ठरलेल्या यंत्रांत संगणकावर चालणारा सीएनसी राउटरही असतो. तिथे मोटर हलवायलाही हात लागत नाही. पण बिट मात्र माणूसच निवडतो. सॉफ्टवेअरमध्ये बिटचा व्यास, धारा, फेऱ्या आणि पुढे जायचा वेग आपल्यालाच भरावा लागतो. सहाचं बिट लावून पाच लिहिलंत तर यंत्र मुकाट्याने चुकीची खाच पाडून देतं.

नानांचा खाच रंधा सध्या माझ्याकडे आहे, उसना. पातं गंजलंय, पाण्याच्या दगडावर घासतोय. पुढचा भाग गाडीच्या चाकावर चढवायच्या धावेवर करायचा विचार आहे, म्हणजे लोहाराकडे जावं लागेल. इंदापूरकडे कुणाच्या ओळखीचे असतील, जे अजून धाव चढवतात, तर मेसेज करा. चला, भेटू.